उजव्या शेंड्याची कोयरी

हे माझ्या तोंडून आजपर्यंत बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापुढं नाही, जावेपुढं तर नाहीच नाही. देवापुढंही नाही — त्याला ठाऊकच असणार, पुन्हा कशाला सांगायचं, असं म्हणून मी आपली सोय करून घेतली. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढं जमेल असं वाटतंय. जमेल ना? बघू या.

आधीच सांगून ठेवते, मी काही दुःखीकष्टी बाई नाही. कबुली द्यायला बसलेल्या माणसाचा चेहरा कसा उतरलेला असावा लागतो. माझा नाही उतरलेला. मला भूक लागते, झोप लागते, सकाळचा चहा गोड लागतो. सुरत मला मानवली. पारोळ्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन लिंबायतला आले, नवरा यंत्रमागावर, आणि मी एका खोलीत. पण मला चित्रांचा नाद होता, शाळेत असताना ड्रॉइंगच्या परीक्षा दिलेल्या होत्या, आणि त्या जोरावर रिंग रोडकडच्या एका डिझाइनच्या स्टुडिओत मला ट्रेसिंगचं काम मिळालं. पंचाण्णव-शहाण्णवच्या आसपासची गोष्ट ही. कॉम्प्युटर अजून त्या टेबलांवर यायचा होता.

ट्रेसिंग म्हणजे काय, तेवढं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. साडीवर फुलं-पानं छापायची, तर जितके रंग तितके वेगळे कागद लागतात. लाल फुलांचा एक, हिरव्या पानांचा एक. मूळ चित्रावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि त्या त्या रंगापुरतं काळ्या शाईनं हुबेहूब उतरवून घ्यायचं. रेघ थरथरली की तीच थरथर हजार साड्यांवर उमटते. म्हणून रेघ हीच आमची सगळी मिळकत.

मला हे काम रतिलालकाका नावाच्या म्हाताऱ्या कारागिरानं शिकवलं. त्यांची एक सवय होती — कागद हातात आला की पहिला पालथा घालायचा आणि मागच्या बाजूनं बघायचा. ट्रेसिंगचा कागद, दोन्हीकडून दिसतोच. म्हणायचे, "सीधी बाजुए हाथ देखाय, ऊंधी बाजुए भूल देखाय." सरळ बाजूनं हात दिसतो, उलट्या बाजूनं चूक दिसते. आणि खरंच आहे ते. काढून काढून डोळ्याला जी रेघ सरळ वाटायला लागते, ती पालथी घातली की लगेच कुठं वाकडी आहे ते सांगते. ही सवय मी अशी उचलली की पुढं वाण्याचं बिलसुद्धा आधी पालथं घालून बघायचे. नवरा हसायचा.

तर — वर्ग. त्या वर्गाकडं यायला मी वेळ लावतेय, मला कळतंय.

आमच्या स्टुडिओचे शेठ, कांतिभाई. त्यांच्याकडं काम वाढलं होतं आणि एक टेबल रिकामं पडलं होतं. बाहेरून पोरगे आणले की चार महिने शिकायचे आणि दुसऱ्या शेठकडं पळायचे. ते मला म्हणाले, तुमच्या लिंबायतमधलीच एखादी बाई तयार करून द्या, घरसंसाराची, टिकून राहणारी. मी म्हटलं, एक कशाला, दहा जणींना शिकवते, त्यातली सगळ्यांत चांगली तुम्हाला देते. गल्लीच्या टोकाला बंद पडलेली बालवाडी होती, तिची खोली मिळाली. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार, तेवढा वेळ शेठ मला कामावरून सोडायचे. अकरा बायका आल्या. भिंतीवर अननस, आगगाडी आणि इमारतीची चित्रं, आणि त्याखाली सतरंजीवर आम्ही.

तुम्हाला वाटेल, एका टेबलाचं एवढं काय? त्या सगळ्या जणी घरी बसून साड्यांवर चमकीच्या टिक्या चिकटवायच्या. मान मोडून, बोटांना गोंद, मांडीवर दुसऱ्याची साडी आणि त्या साडीवर पोरानं हात पुसू नये म्हणून सारखा आरडाओरडा. स्टुडिओत म्हणजे पंख्याखाली, खुर्चीवर बसायचं. डबा घेऊन घराबाहेर पडायचं. लोक विचारतात कुठं निघालात, तर 'कामावर' म्हणायचं. मला तो शब्द मिळाला होता, त्याची चव मला माहीत होती. अकरा जणींना ती हवी होती आणि खुर्ची एकच होती.

त्यातल्या दोघींची ओळख करून देते, बाकीच्या राहू द्या. एक शोभा, माझी धाकटी जाऊ. दोन गल्ल्या सोडून तिचं वेगळं बिऱ्हाड. बारीक अंगाची, भित्री. सासूबाई आल्या की हिची पोळी हमखास करपायची. कुणी मोठ्यानं बोललं की हिच्या हातातलं सुटायचं. मला तिची दया यायची, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही यायचा. दुसरी मंगल. शिरपूरकडची, दोन लेकरांची आई, धिप्पाड, मोठमोठे हात, आणि हसली की तिसऱ्या खोलीत कळायचं कोण हसलं ते. ती वर्गात आली तेव्हा म्हणाली, मला लिहिता-वाचता बेताचंच येतं, चालेल ना? मी म्हटलं, रेघेला अक्षर लागत नाही.

शिकवायची माझी पद्धत — इथं थोडी फुशारकी मारू द्या — चांगली होती. बालवाडीत टेबल नव्हतं, सतरंजीवर बसून रेघ काय येणार? म्हणून मी फळ्यावर दाखवायचे आणि त्या घरी पाटावर कागद ठेवून काढून आणायच्या. कागद म्हणजे स्टुडिओतली ट्रेसिंगची कात्रणं, फुकटची. पहिला आठवडा नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. मग गोल. मग लाटा, मग वेल, मग पानं. त्यांचे कागद मी घरी न्यायचे, सकाळी नवरा पाळीवर गेला की दारात उजेडाला बसायचे, एकेक कागद बघायचे आणि वहीत शेरा लिहायचे. कागदावर नाही — दुसऱ्याच्या चित्राला आपली पेन्सिल लावायची नाही, हा माझा नियम. पुढच्या वर्गात वही वाचून दाखवायचे. कागद माझ्याकडंच राहायचे, शेवटी शेठना दाखवायला.

शेरा द्यायचेही नियम होते. आधी काय चांगलं आहे ते. मग चूक, एकच — दहा असल्या तरी एकच, सगळ्यांत मोठी. आणि मग घरी जाऊन काय करायचं ते. 'घाण काढलंय' असं कधी म्हणायचं नाही, आणि उगाच 'छान छान'ही करायचं नाही. "रेघांमधलं अंतर सारखं आलंय. पण शेवटाला रेघ बारीक होते, म्हणजे संपवायची घाई होतेय. घरी रेघ संपल्यावरसुद्धा हात दोन बोटं पुढं जाऊ दे." असं. गोल चपटा आला तर म्हणायचे, मनगट फिरवू नका, कोपरातून फिरवा. लाट अडखळली तर म्हणायचे, डोळा पेनच्या टोकावर नको, जिथं पोचायचं तिथं ठेवा. बायका मन लावून ऐकायच्या. पुढच्या खेपेला ते कागदावर दिसायचं. त्या दुपारी मी किती खूश असायचे म्हणून सांगू! आयुष्यात इतकं आवडीचं काम मी दुसरं केलं नाही.

पण पहिल्याच आठवड्यात कुजबुज सुरू झाली. जावेला नोकरीला लावायचंय म्हणून वर्ग काढलाय, बाकीच्या आपल्या शोभेला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. माझ्या कानावर आलं आणि मला झोंबलं. मी? मी असं करीन? मी दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर केलं — कागदावर नाव लिहायचंच नाही. प्रत्येकीनं आपली एक खूण ठरवायची आणि कोपऱ्यात काढायची. कोणती खूण कुणाची, ते मला सांगायचं नाही. मी खूण वाचून शेरा देईन, जिचा तिनं समजून घ्यावा. शेवटी निवडीनही खुणेवरूनच.

बघा, किती शहाणी!

कुणी टिकली घेतली, कुणी फुली, कुणी चांदणी. शोभा आणि मंगल दोघींनाही कोयरी हवी. साडीवरची ती आंब्याच्या आकाराची बुट्टी असते ना, ती. कुणी सोडेना. मीच तोडगा काढला — एकीनं शेंडा उजवीकडं वळवायचा, दुसरीनं डावीकडं. कुणी कुठला, ते तुम्ही ठरवा, मी फळ्याकडं तोंड करून उभी राहते. त्या हसत हसत ठरवून मोकळ्या झाल्या. दोन कोयऱ्यांतली एक माझ्या जावेची, एवढं मला माहीत होतं. कुठली, ते नाही. आणि शपथेवर सांगते, मी कधी जाणून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

अडीच महिने वर्ग चालला. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच माझ्या वहीत एक कोयरी वेगळी पडायला लागली. उजव्या शेंड्याची. काय रेघ होती! एका दमात काढलेली, न भिता. वेलीचं वळण असं घ्यायची की रतिलालकाकांनी चष्मा पुसून बघितलं असतं. मी वाचून दाखवायचे, "उजवी कोयरी — हात मोकळा आहे, रेघ कुठं थांबत नाही. याच हातानं काढत राहा, बदलू नका." डाव्या शेंड्याच्या कोयरीची मात्र तऱ्हा. रेघ दाबून दाबून काढलेली, मध्येच थांबलेली, पुन्हा सुरू केलेली. "डावी कोयरी — मेहनत दिसते. पण हात जड पडतोय. रेघ काढताना भीती वाटते का? पेन सैल धरा." दर आठवड्याला 'हात जड' कुठल्या ना कुठल्या शब्दांत यायचंच. खोटं बोलायचं नाही, असा माझा बाणा.

मी वाचताना मान वर करायची नाही. केली असती तर? शोभाचा चेहरा कसा उजळतो ते दिसलं असतं, मंगलचा कसा विझतो तेही. पण पक्षपात नको म्हणून मी वहीत नाक खुपसून वाचायचे.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात उजव्या कोयरीची रेघ थोडी चाचपडायला लागली. पेन सैल धरून काढल्यासारखी. मी वहीत लिहिलं, "असं का?" आणि तेवढ्यावरच सोडून दिलं.  तरीही अकरांत तीच पहिली होती, यात काही शंका नव्हती.

शेवटच्या शुक्रवारी मी निकाल सांगितला. "उजव्या शेंड्याची कोयरी. कुणाची?"

शोभा उभी राहिली.

 टाळ्या पडल्या. जिनं सगळ्यांत आधी कुजबुज केली होती तिनंच कबूल केलं की यात काही काळंबेरं नाही, बाईंना ठाऊकच नव्हतं. मंगलनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या आणि शोभाला मिठी मारली. त्या बारक्या पोरीच्या डोळ्यांतून पाणी. मी खमण मागवलं. घरी सासूबाई म्हणाल्या, हिच्यात एवढं होतं, आणि आम्हाला कळलंच नाही! शोभाच्या लग्नानंतर तिच्याबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द होता.

दुसऱ्या दिवशी मी उजव्या कोयरीच्या कागदांचं बाड घेऊन स्टुडिओत गेले. आमच्याकडं काचेची टेबलं असतात, खालून ट्यूबलाइट. कांतिभाईंनी बाड सोडलं आणि वरचा कागद काचेवर ठेवला. सरळ बाजूनं ठेवला — जसा कुणीही ठेवेल तसा. वेलीचा कागद. खालून उजेड आला, सगळी वेल काळीभोर उठून दिसली. आणि कोपऱ्यातली कोयरी.

तिचा शेंडा डावीकडं होता.

आता तुम्हाला कळलं असेलच. मला मात्र कळायला दोन-तीन श्वास लागले. अडीच महिने मी प्रत्येक कागद हातात आल्याबरोबर पालथा घालत होते. पालथ्या कागदावर डावा शेंडा उजवा दिसतो. टिकली टिकलीच राहते, फुली फुलीच. फक्त दोन कोयऱ्या एकमेकींच्या जागी जातात. तो तोडगा माझा, ती सवयही माझीच. करायला गेले गणपती, झाला मारुती.

म्हणजे ती रेघ मंगलची होती. आणि मी तिला अडीच महिने, चारचौघींत, खणखणीत आवाजात सांगत होते — तुझा हात जड आहे.

इथपर्यंत चूक होती. चुकीची कबुली काय द्यायची? माणूस चुकतो. आता पुढचं सांगते. तेच सांगायला बसलेय.

कांतिभाई कागदावर वाकून बघत राहिले. मग हळूच विचारलं, "आ कोनो हाथ छे?" हा हात कुणाचा?

एक नाव घ्यायचं होतं. मंगल. तीन अक्षरं. काय झालं असतं? मी हसले असते, म्हटलं असतं, शेठ, माझ्याकडून गफलत झाली, थांबा. संध्याकाळी दोघींकडं जाऊन सांगितलं असतं. शोभा रडली असती. सासूबाई बोलल्या असत्या. गल्लीनं चार दिवस चर्चा केली असती, कुणी म्हटलं असतं बाई वेंधळी, कुणी म्हटलं असतं यातही काहीतरी डाव असणार. एवढंच ना?

मी हात पुढं केला आणि कागद पालथा घातला. म्हटलं, उलट्या बाजूनं बघा शेठ, चूक सापडते का. आमच्या धंद्यातली रोजची रीत, त्यांना काही वावगं वाटलं नाही. शेंडा उजवीकडं गेला. मी म्हटलं, माझ्या जावेचा हात आहे.

"तो तमारी देराणीने सोमवारथी मोकलजो," ते म्हणाले. सोमवारपासून जावेला पाठवा.

त्या वेळी मनात काय होतं, ते मी नंतर पुष्कळदा चाचपून बघितलं. शोभाची दया? घराची अब्रू? नंतर या गोष्टी मी मनात रचून ठेवल्या, पण त्या क्षणी त्यातलं काहीच नव्हतं. मला हायसं वाटलं होतं, एवढंच आठवतं. आदल्या दिवशी शोभा उभी राहिली तेव्हाच मला मनातून गुदगुल्या झाल्या होत्या — आपलीच निघाली! तो आनंद मला परत द्यायचा नव्हता. ज्या कुजबुजीनं मी एवढी चिडले होते, ती कुजबुज माझ्याबद्दल खरी होती. मलाच ते माहीत नव्हतं.

रविवारी मी मंगलकडं गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते, असं मी स्वतःला सांगत होते. ती दारात साडी पसरून टिक्या चिकटवत बसली होती. मला बघून हात पुसत उठली, चहा टाकला. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "ताई, तुम्ही खरं सांगं ते बरं व्हयनं. नहीत मी उगाच आशा लाईसन बसनू व्हतू."

खरं सांगितलंत, बरं झालं. नाहीतर मी उगाच आशा लावून बसले असते.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता हो. असता तर मी कदाचित बोलून गेले असते. ती सांगत होती की घरी गोल काढले की तिला ते चांगले दिसायचे. मग माझा शेरा ऐकला की ती पुन्हा बघायची, आणि तिला वाटायचं आपल्या डोळ्यालाच कळत नाही, बाईंना कळतं. आता सोडून दिलं, तर डोकं हलकं झालंय. असं म्हणून ती हसली, नेहमीसारखी, तिसऱ्या खोलीत ऐकू जाईल अशी. मी चहा प्यायले. चहात आलं होतं. आणि घरी आले.

शोभाचं पुढं काय झालं विचाराल, तर झकास झालं. पहिले चार महिने तिचा हात खरोखरच जड पडायचा. मी तिच्या शेजारचं टेबल मागून घेतलं आणि शेठच्या नजरेला पडायच्या आधी तिचे कागद दुरुस्त करून द्यायचे. दुसऱ्याच्या कागदाला पेन्सिल न लावायचा नियम मी तेव्हाच गुंडाळून ठेवला. पण ती सुधारली. मनापासून सुधारली. आपला हात मोकळा आहे, रेघ कुठं थांबत नाही, हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की तिला ते खरंच वाटायचं. आणि वाटता वाटता तसं झालं. वर्ष-दीड वर्षानं मी दुरुस्त करायचं थांबवलं, कारण करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तिचं घर सावरलं, ती माणसांत बोलायला लागली, सासूबाईंपुढं पोळी करपेनाशी झाली. पुढं तिनं आणि दिरानं कोसाडला खोली घेतली. तिच्या सुखात मी सुखी आहे, हे खोटं नाही. म्हणून तर हे बोलायला एवढं जड जातंय.

मंगलचंही वाईट झालं नाही. टिक्या चिकटवायचं काम ती करत राहिली, मग तिनं चार बायका हाताखाली घेतल्या. माझ्याशी तिची माया वाढतच गेली. गल्लीत कुणाला काही खरं विचारायचं असलं की ती त्यांना माझ्याकडं पाठवायची. पोरीला कोणतं स्थळ बघू, पोराला कुठल्या शाळेत घालू — ताईंना विचारा, त्या तोंडावर सांगतील. आणि मी सांगायचे. चांगलं तेच सांगायचे.

तीन-चार वर्षांनी माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न निघालं. लिंबायतच्या घरीच मांडव. आमच्याकडं लग्नघराच्या दाराशेजारी गेरूनं कलश काढतात, वेल काढतात आणि नवरानवरीची नावं लिहितात. भिंत पांढरी करून ठेवली होती. शोभानं काढायचं ठरलं होतं, पण ती हळदीत अडकलेली, कोपरापर्यंत पिवळी. मुहूर्त जवळ आला, बायकांची घाई सुरू झाली. मंगल तिथंच उभी होती, हात मोकळे. कुणीतरी गेरूची वाटी आणि काडीला बांधलेला कापूस तिच्या हातात दिला — निदान कलश तरी काढ, नावं नंतर लिहू.

तिनं काडी लगेच परत केली. हसत होती. "मना हात जड शे, माय. ताईले इचारा, त्यास्नी माले सांगेल शे." माझा हात जड आहे, ताईंना विचारा, त्यांनीच मला सांगितलंय.

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मंगलही बघत होती, खात्रीनं. मी दारापासून चार पावलांवर होते. कांतिभाई नव्हते तिथं, नोकरीचा प्रश्न नव्हता, शोभाची खुर्ची कधीच पक्की झालेली होती. कुणाचं काहीही जाणार नव्हतं. 'अगं काढ, तुझ्यासारखा हात इथं कुणाचा नाही', एवढं म्हणायला काय लागलं असतं? कारणही द्यावं लागलं नसतं.

"तिले नका देऊ," मी म्हटलं. "शोभा हात धोई राहिनी, ती काढी."

शोभा आली. तिनं कलश काढला, दोन्ही बाजूंना वेल काढली, सुंदर काढली. ती काढत होती तोवर मंगल शेजारी गेरूची वाटी धरून उभी होती. बायकांत सगळ्यांत जास्त कौतुक तिनंच केलं. मी ते ऐकलं, आणि पंगतीचं बघायला आत गेले.